जुनी गिरणी, नवा धंदा: गिरणगावातल्या इमारती पुन्हा वापरात आणताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या इमारती तपासणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. त्यातल्या बऱ्याच मुंबईच्या गिरणगावातल्या, म्हणजे परळ, लोअर परळ, भायखळा, काळाचौकी भागातल्या कापड गिरण्यांच्या. आजोबा साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, त्यामुळे या भिंतींशी माझं नातं कामापुरतं उरत नाही. हॉटेल काढू पाहणारी तरुण मुलं, ऑफिससाठी जागा शोधणाऱ्या कंपन्या, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, कधी शेजारच्या चाळीतले काका, सगळे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

गिरणीची इमारत म्हणजे नेमकी कोणती? आवारात तर दहा तऱ्हेची बांधकामं दिसतात.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढची शंभर वर्षं गिरण्या वाढत गेल्या, आणि प्रत्येक मालकाने गरज पडेल तसं बांधलं. म्हणून एकाच आवारात काळ्या दगडाची भिंत, तिला टेकून विटांचं बांधकाम आणि त्यावर नंतरचा काँक्रीटचा मजला असं सगळं सापडतं.

तरी सांगाडा ओळखता येतो. सूतकताईची इमारत उंच, तीन-चार मजली. एकाच वाफेच्या इंजिनाची ताकद दांडे आणि पट्ट्यांवरून प्रत्येक मजल्यावर न्यायची असल्यामुळे यंत्रं एकावर एक रचलेली असत. विणकामाचं साळखातं मात्र तळमजल्यावर. शेकडो माग एकदम चालले की जमीन थरथरते, ती थरथर वरच्या मजल्याला सोसत नाही. शिवाय तुटलेला धागा दिसायला सगळीकडे सारखा उजेड लागतो. त्यासाठी करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा. याखेरीज बॉयलर घर, इंजिन घर, चिमणी, पाणी थंड करायचं तळं, रंगखातं आणि कापसाच्या गाठींची गोदामं.

हे सगळं सांगायचं कारण, ‘मला गिरणीत जागा हवी’ एवढं सांगून काही ठरत नाही. कुठल्या खात्यात हवी, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मग कोणता धंदा कुठे चालेल?

साळखात्याच्या शेडमध्ये फर्निचरचं दालन, प्रदर्शन, चित्रकारांचे स्टुडिओ, डिझाइनचं ऑफिस उत्तम रमतं. दिवसभर दिवा न लावता काम करता येतं, आणि असा उजेड नव्या इमारतीत पैसे देऊनही मिळत नाही. रघुवंशी मिलच्या आवारात घरसजावटीची दुकानं जमली, त्यामागे या उंच, मोकळ्या जागांचा मोठा हात आहे. सूतकताईच्या मजल्यांवर ऑफिसं बरी. गाठींच्या गोदामाला खिडक्या कमी आणि भिंती जाड, म्हणून तिथे ध्वनिमुद्रण, छोटं नाट्यगृह किंवा मालाचा साठा करावा. इंजिन घराची उंची उपाहारगृहाला शोभते.

उलट, लाकडी तक्तपोशीच्या वरच्या मजल्यावर पब काढायचा असेल तर मी ते काम घेत नाही. त्या फळ्यांनी पन्नास-साठ वर्षं यंत्रांचं तेल प्यायलेलं असतं. कितीही घासलं तरी ते पूर्ण निघत नाही.

लोक आधी भाडेकरू ठरवतात, मग इमारत त्याच्या मापाला कापायला बसतात. हा क्रम उलटा आहे. आधी इमारत समजून घ्या, ती कशाला राजी आहे ते बघा, मग जाहिरात द्या.

पाडून टॉवर बांधण्यात जास्त पैसा असताना कोणी जुनं का ठेवेल?

हा प्रश्न मुंबईत नियमांनी घडवला आहे, म्हणून थोडं मागे जावं लागेल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांसाठी ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन नव्याने विकसित करायची तर ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. पण उभ्या असलेल्या बांधकामाचा वापर त्याच नियमाखाली व्यापारासाठी बदलता येत होता. साहजिकच नव्वदच्या दशकात शेड पाडण्यापेक्षा शेड तशीच ठेवून तिच्यात दुकानं, ऑफिसं, करमणुकीची ठिकाणं घालणं मालकांना परवडलं. आज आपण ज्याचं कौतुक करतो त्या पुनर्वापराची सुरुवात अशी झाली. त्यात शहराच्या वाट्याची जमीन मिळाली नाही हेही तितकंच खरं आहे.

२००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरण्यांचा बहुतेक भाग शेडनेच व्यापलेला असल्यामुळे वाटायला फार थोडं उरलं आणि पाडणं एकदम फायद्याचं झालं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. त्यानंतर किती शेड गेल्या हे लोअर परळच्या पुलावर उभं राहून कोणालाही दिसतं.

आज जे उरलं आहे ते ठेवण्याची कारणं वेगळी. बंद पडलेल्या शेडला दुरुस्त करून वर्षभरात भाडं सुरू होऊ शकतं, टॉवरला कितीतरी वर्षं लागतात. अशी जागा दुसरीकडे मिळत नाही, म्हणून गिऱ्हाईक वाट वाकडी करून येतं. आणि विटा, पोलाद, सागवान यांत गेलेलं इंधन एकदाच खर्च झालेलं आहे. पाडलं की ते डेब्रिज म्हणून डंपरमध्ये जातं.

इमारत हेरिटेज यादीत आहे. म्हणजे काहीच करता येणार नाही का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत आणि इमारतींच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत हात लावायला खरोखर फार कमी वाव असतो. दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर बहुतांशी मान्य होतो, बाहेरचं रूप मात्र तपासलं जातं. दुसऱ्या ‘ब’ श्रेणीत त्याच आवारात मूळ इमारतीला साजेसं वाढीव बांधकामही काही वेळा मिळतं. तिसऱ्या श्रेणीत त्याहून मोकळीक आहे. प्रस्ताव हेरिटेज समितीपुढे जातो तेव्हा चांगली रेखाचित्रं, जुने फोटो आणि ‘काय काढणार, काय ठेवणार’ याची सरळ यादी असेल तर काम अडत नाही. अडतं ते लपवाछपवीमुळे.

बांधायचा हक्क असूनही यादीमुळे बांधता येत नसेल, तर हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद आहे, म्हणजे तो हक्क दुसरीकडच्या बांधकामासाठी विकता येतो. ते पैसे दुरुस्तीला लावता येतात. मालकांनी हे आधी विचारावं.

पहिल्या दिवशी साइटवर तुम्ही काय बघता?

पहिल्या दिवशी मी काही मोजत नाही. आवाराभोवती एक फेरी, आतून एक फेरी, आणि जमलं तर पावसात एक फेरी. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कळलं की अर्धी दुरुस्ती कळली.

मग वायर ब्रश आणि छोटी हातोडी. एका शेडमध्ये छताच्या तुळईवरचा गंज घासत होतो. आधी लाल पापुद्रे पडले, मग त्याखालून उठावाची अक्षरं वर आली: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. मुंबईच्या जुन्या तुळयांवर हा शिक्का पुष्कळदा दिसतो. तो बघून नुसता आनंद होत नाही, कामाची माहितीही मिळते. तुळई लाटलेल्या पोलादाची आहे, साधारण कुठल्या काळातली आहे, आणि कारखान्याच्या जुन्या तक्त्यांवरून तिचं माप आणि ताकद काढता येते.

लाकडी तुळई असेल तर तिचं भिंतीत शिरलेलं टोक बघायचं. मध्ये सागवान घट्ट वाजतं आणि टोकाशी बोट शिरतं, कारण भिंतीतली ओल तिथेच बसते. वाळवीच्या मातीच्या नळ्याही तिथेच.

या सगळ्यानंतर रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाखाली ते करावंच लागतं. पण कागदापुरतं ऑडिट आणि खरी तपासणी यांत फरक आहे. अहवालात एकाही खांबाची जाडी मोजलेली नसेल तर तो अहवाल परत पाठवा.

ते गोल, नक्षीचे लोखंडी खांब अजून चालतील का?

बहुतेक चालतात. ते ओतीव लोखंडाचे असतात, दाब प्रचंड सोसतात. वाकवलं किंवा ठोकलं तर मात्र सूचना न देता तडकतात. म्हणून तीन गोष्टी पाळायच्या. त्यांना वेल्डिंग करायचं नाही. बाजूने नवा भार टांगायचा नाही. आणि खांबाची जाडी चारही बाजूंनी मोजायची, कारण ओतताना आतला गाभा सरकला असेल तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते.

अनेकांना माहीत नसतं की साळखात्यातले पोकळ खांब कित्येक ठिकाणी पावसाच्या पाण्याचे नळ म्हणूनही वापरले जात. छपराचं पाणी खांबाच्या पोटातून थेट जमिनीखालच्या गटारात. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून गंज, अशी स्थिती होते. अशा खांबांची तोंडं वरून बंद करून पाण्याला बाहेरून नवा नळ देणं हे माझं पहिलं काम असतं.

आगीत तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाण्याचा झोत पडला की ते फुटू शकतं. त्यामुळे उष्णतेने फुगून लोखंडाला आवरण देणारा रंग इथे लावावाच.

छप्पर दर पावसाळ्यात गळतं. काढून सपाट स्लॅब टाकू का?

नका टाकू. स्लॅबचं वजन जुन्या खांबांना आणि पायाला झेपेलच असं नाही, आणि ज्या उजेडासाठी ही जागा घेतली तोच जातो.

दात्यांचं छप्पर जवळजवळ नेहमी एकाच जागी गळतं, दोन दात्यांमधल्या पन्हळीत. विलायतेच्या पावसाच्या हिशोबाने आखलेली ती अरुंद पन्हळ आणि मुंबईचा पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका रोज पडत नाही, पण तासाभराची एक जोराची सर पन्हळ तुडुंब भरायला पुरते. वडाचं एक रोपटं किंवा कबुतराचं घरटं तोंडाशी अडकलं की पाणी उलटं काचेखालून आत येतं.

उपाय साधा आहे. पन्हळ रुंद आणि खोल करून घ्या, उतार वाढवा, दर काही अंतरावर बाहेर टाकणारं तोंड ठेवा आणि माणसाला चालत जाऊन साफ करता येईल अशी फळी बसवा. मे महिन्यात एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा साफसफाई. भाडेकरारात हे काम कोणाचं ते लिहून ठेवा. न लिहिल्यामुळे मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि महागडं लाकडी फ्लोअरिंग एका रात्रीत फुगलं, हे मी पाहिलं आहे.

उत्तरेच्या काचांबद्दल एक बारकावा. हे छप्पर ज्या देशातून आलं तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची किरणंही त्या बाजूने तिरकी येतात. मे महिन्यात आपल्या दुकानात ऊन येतं म्हणून काचा रंगवू नका. बाहेरून छोटी पट्टी किंवा आतून पातळ पडदा पुरतो.

वरचा मजला किती वजन घेईल?

कताईची यंत्रं पेललेला मजला काहीही पेलेल, असं लोक धरून चालतात. यंत्रं ठरलेल्या जागी, तुळयांच्या हिशोबाने बसवलेली असत. आजचं वजन फिरतं असतं. भारतीय मानकाप्रमाणे दुकानाला चौरस मीटरमागे सुमारे ४०० किलो, आणि लोक उभ्याने गर्दी करतात अशा सभागृहाला ५०० किलो धरतात. ऑफिसला २५० ते ४००, त्यातही कागदपत्रांच्या कपाटांची खोली वेगळी धरावी लागते. एका तालावर नाचणारी शंभर माणसं आणि शांत बसलेली शंभर माणसं मजल्याला सारखी नसतात.

तुळयांच्या मध्ये विटांच्या छोट्या कमानी असलेला मजला असेल तर त्यात भोक पाडण्याआधी मला किंवा माझ्यासारख्या कोणाला तरी विचारा. एका कमानीचा रेटा शेजारची कमान धरून ठेवते. मधली एक काढली की ओळच सैल होते. एका ठिकाणी एसीचा डक्ट नेण्यासाठी ठेकेदाराने रविवारी गुपचूप तुळईचा खालचा काठ कापला होता. सोमवारी मी पोचलो तेव्हा वरच्या ऑफिसात लोक कामाला बसलेले होते. त्या दिवशी मजला रिकामा करून टेकू लावेपर्यंत माझे हात थरथरत होते.

सिमेंटचा गिलावा करून भिंती एकसारख्या केल्या तर?

या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. वरून सिमेंटचा थर दिला की ओल अडकते, क्षार साचतात आणि वर्ष-दोन वर्षांत विटेचा दर्शनी भाग पीठ होऊन गळायला लागतो. मग लोक म्हणतात, वीट खराब होती. शंभर वर्षं चांगली होती ना!

चुना, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी, हे मिश्रण अजूनही करता येतं. चुना आधी नीट भिजवून मुरू द्यावा लागतो. आपल्याकडचे जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा चीक घालत. ती हातोटी असलेले कारागीर कमी झाले आहेत, पण आहेत. त्यांना वेळ द्या. पावसाळ्याच्या तोंडावर चुन्याचं काम काढू नका.

उंची भरपूर आहे, पोटमाळा टाकून जागा दुप्पट करता येईल?

परवानगी घेऊन काही भागात. पोटमाळा चटई क्षेत्रात, म्हणजे मंजूर एकूण बांधकामात मोजला जातो आणि खोलीच्या क्षेत्राच्या मर्यादेतच मिळतो. टाकायचा झाला तर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, जुन्या भिंतींना न टेकणारा, बोल्टने जोडलेला पोलादी सांगाडा करा. उद्या दुसरा भाडेकरू आला तर उकलून नेता आला पाहिजे.

आगीबद्दल सगळे घाबरवतात. खरं काय आहे?

घाबरायलाच हवं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसं गेली. बरीचशी स्वच्छतागृहात अडकून, धुराने गुदमरून. वर पेट घेणारं आच्छादन होतं आणि लोकांना बाहेरची वाट सापडली नाही. जुन्या गिरणीचं रूपांतर करताना सगळ्यात आधी हे आठवावं.

गिरणीच्या आवाराची रचनाच सुटकेच्या विरुद्ध आहे. पाळी सुटली की कामगारांची झडती व्हायची. कोणी सूत किंवा कापड नेऊ नये म्हणून उंच भिंती, फाटक एकच, आणि त्यातही एका वेळी एकच माणूस जाईल अशी वाट. आज शनिवारी रात्री त्याच भिंतींच्या आत हजारो माणसं असतात. म्हणून माझी अट असते: आपल्या गाळ्याचे दोन जिने दाखवून भागत नाही, आवारातून रस्त्यावर जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटा दाखवा. अग्निशमन दलाची गाडी कुठल्या फाटकातून येईल, कुठे वळेल, तिथे रोज रात्री गाड्या लावलेल्या असतात की नाही, हे रात्री दहा वाजता उभं राहून बघा. दिवसा बघून उपयोग नाही.

आतमध्ये छताखाली धूर साठायला भरपूर उंची असते, ही या इमारतींची जमेची बाजू. ती खोटं छत लावून घालवू नका. सजावटीला गवत, बांबूच्या चटया, फोम, कापडाचे मंडप नकोत. स्वयंपाकघर दगडी किंवा विटांच्या भिंतींनी वेगळं करा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि होजमधून पाणी निघताना डोळ्यांनी बघा.

एसीचं बिल परवडेल का?

पूर्ण उंची थंड करायला गेलात तर नाही. माणूस खालच्या आठ-दहा फुटांत वावरतो, तेवढंच थंड करा आणि गरम हवा वरच्या झडपांतून जाऊ द्या. जाड दगडी भिंत दुपारपर्यंत आत थंडावा धरून ठेवते, त्यामुळे सकाळी नुसत्या पंख्यांवर भागतं.

छपरावर जुने करडे सिमेंटचे पत्रे आहेत. तोडून टाकायचे ना?

तोडायचे तर अजिबात नाहीत. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. पत्रा फुटला, कापला, घासला की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत जातात आणि फुफ्फुसात बसतात. आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. पत्रे ओले ठेवून, आकडे उघडून, अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि घातक कचरा म्हणून रीतसर पाठवायचे. मजुरांना खरे श्वसनमास्क द्या, तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. हे मजूर रोजंदारीचे असतात, उद्या कुठे असतील माहीत नसतं, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

रंगखात्याची किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा असेल तर जमिनीची मातीही तपासून घ्या.

चिमणी ठेवावी की उतरवावी?

ठेवावी, पण तपासून. विटांची चिमणी वरच्या टोकाला वाऱ्या-पावसाने झिजते आणि एका बाजूला कलते. लोखंडी पट्टे गंजून फुगले की विटा फोडतात. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजवाहक आहे का ते बघा. सगळ्यात मोठा धोका सांध्यांत रुजलेल्या पिंपळाचा. तो वरून कापल्याने मरत नाही, मुळाशी औषध भरावं लागतं.

लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात दुकानं आणि ऑफिसं आली, २०२२ मध्ये ते लोकांना खुलं झालं. तिथल्या चारही चिमण्यांचं काँक्रीट आतून सडलेलं निघालं, म्हणून त्या उतरवून पहिल्यासारख्याच पुन्हा बांधल्या. तेवढा खर्च आपल्याकडे कोण करेल, असं लोक विचारतात. आपल्याकडे फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या मधोमध उभी आहेच. त्या भागातली जुनी माणसं अजून रस्ता सांगताना चिमणीची खूण सांगतात.

खर्च किती येतो?

चौरस फुटाचा सरसकट भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इमारत न उघडता तो सांगता येत नाही. अंदाजपत्रकाचे तीन भाग करा: पाणी थांबवणं, सांगाडा सुरक्षित करणं आणि सजावट. पैसे याच क्रमाने खर्च करा. अनपेक्षित निघेल त्यासाठी नव्या बांधकामापेक्षा जास्त रक्कम बाजूला ठेवा, कारण भिंतीचा गिलावा काढल्यावर काहीतरी निघतंच.

परवानग्या कोणकोणत्या?

महापालिकेकडून वापर बदल आणि भोगवटा प्रमाणपत्र, यादीत असेल तर हेरिटेजची मान्यता, अग्निशमन दलाचं ना हरकत, गुमास्ता. उपाहारगृह असेल तर महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना आणि अन्नसुरक्षेचा, दारू देणार असाल तर उत्पादन शुल्क खात्याचा. भाडेकरार सही करण्याआधी मालकाकडे त्या गाळ्याचा मंजूर नकाशा मागा. नकाशात ‘गोदाम’ लिहिलेलं असेल आणि तुम्हाला पन्नास टेबलांचं हॉटेल करायचं असेल, तर तिथेच थांबा.

गर्दी आणि पार्किंगचं काय?

गिरणी कामगार चालत कामाला यायचा. भोंगा झाला की चाळीतून निघायचं, दहा मिनिटांत फाटकात. गिरणगावचे रस्ते आणि स्टेशनं त्या हिशोबाची. आता त्याच आवारात कामाला येणारा माणूस विरार, कल्याण, पनवेलहून येतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस जण गेले. मी त्या पुलावरून शेकडो वेळा गेलो आहे. तिथल्या रोजच्या गर्दीत या नव्या ऑफिसांचा मोठा वाटा होता.

एकट्या गाळ्याने हा प्रश्न सुटत नाही. पण ऑफिसच्या वेळा पुढेमागे ठेवणं, आवारातून स्टेशनकडे पायी जायची सावलीची वाट उघडणं, गाड्यांसाठी मोकळं अंगण खाऊन न टाकणं एवढं मालक करू शकतो.

गिरणी कामगारांचा या सगळ्याशी आता काय संबंध?

घरांसाठी अर्ज केलेले कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखांवर आहेत. म्हाडाची सोडत २०१२ पासून सुरू झाली आणि बहुसंख्य लोक अजून वाट बघत आहेत. मागे सांगितलेल्या एक-तृतीयांश हिश्श्याचा प्रश्न या माणसांचा आहे. जुनी शेड सुंदर दुरुस्त करणं आणि या माणसांना विसरणं हे दोन्ही एकदम होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या हातातलं सांगतो. आवारात एक माग शोभेला ठेवणार असाल तर तो चालवता येणारा एखादा निवृत्त कामगार शोधा, त्याला मानधन द्या, महिन्यातून एकदा तरी तो माग चालू द्या. खाण्याच्या जागा काढताय तर परिसरातल्या खानावळ चालवणाऱ्या बायकांना एक गाळा परवडेल अशा भाड्याने द्या. एकेकाळी या गिरण्यांची पाळीच त्यांच्या डब्यावर चालायची. आणि कोणी म्हातारा फाटकात येऊन ‘मी इथे कामाला होतो, जरा बघू का’ म्हणाला तर सुरक्षारक्षकाला त्याला आत सोडायला सांगून ठेवा.

गिलावा काढताना भिंतीवर जुनी अक्षरं निघाली आहेत. रंग मारून टाकू का?

काम थांबवा. वाळूचा मारा किंवा ग्राइंडर लावू नका, विटेची वरची भाजलेली कातडी त्याने जाते आणि अक्षरंही. मऊ ब्रशने धूळ काढा. संध्याकाळी दिवे बंद करून टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवी धरा, दिवसा न दिसणारं पुष्कळ दिसेल. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या.

एका वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात असंच केलं तेव्हा आधी लाल रंगातलं ‘बिडी ओढू नये’ दिसलं. त्याखाली, खांद्याच्या उंचीवर, खिळ्याने कोरलेल्या उभ्या रेघांच्या ओळी होत्या. पाच-पाचचे गठ्ठे, कोणीतरी बदली कामगाराने आपले भरलेले दिवस मोजलेले असावेत. आम्ही त्यावर गिलावा केला नाही. समोर काच लावली नाही की पाटीही नाही. तेवढी भिंत तशीच ठेवली, आणि तिथे येणारं टेबल दीड फूट अलीकडे सरकवलं.